वाळवी इतकं गोल खात नाही

बडोदे, ता. ९ सप्टेंबर २०२५

चि. शालिनी हिस,

पत्राला उशीर झाला, माफी असावी. उशीर म्हणजे एकेचाळीस वर्षं आणि वर काही महिने. आठ-पंधरा दिवसांचा असता तर तब्येतीवर ढकलला असता. एवढ्या उशिराला कुठलंच कारण पुरत नाही, म्हणून देत नाही.

लता म्हणाली, "अहो, पितृपक्ष लागलाय, आता नवीन काही सुरू करू नका." मी म्हटलं, "यात नवीन काय आहे?" तिने तुला आशीर्वाद सांगितलेत. मीही लिहिणार होतो, पण तू आता त्रेसष्ट वर्षांची बाई. तुला आशीर्वाद देणारा मी कोण? वर 'चि.' लिहिलं ते सवयीने. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून ठेवलं.

पत्ता कुठून मिळाला असं विचारशील. मिळाला. नडियादला या नावाचं दुसरं घर नसावं अशी आशा आहे, नाहीतर कोणा भलत्याच्या हातात हे पडायचं.

कामाचं सांगतो. येत्या १४ डिसेंबरला आप्पांच्या जन्माला शंभर वर्षं होतात. नंदूने मंडळाचा हॉल घेतलाय. आप्पांवर एक पुस्तिका छापून सगळ्या नातेवाइकांना वाटणार आहे. तिच्यात आपला घरचा फोटो जायचा आहे, आप्पा निवृत्त झाल्यावर ८४ च्या जानेवारीत स्टुडिओत जाऊन काढलेला. आई-आप्पा खुर्चीवर, मागे मी, लता, नंदू आणि तू, खाली पायाशी चार वर्षांचा इंद्रनील. फोटो अजून आमच्या बैठकीत आहे. फक्त तुझ्या चेहऱ्याच्या जागी वाळवीने खाल्लाय. बाकी चांगला आहे.

तर तो चेहरा मी काढणार आहे. टॅबलेटवर, त्याच्या पेनाने. इंद्रनीलने मला भजनं ऐकायला टॅबलेट दिला होता. खंडेराव मार्केटच्या मागे शिलाई मशीनच्या दुकानावर कोमलबेन नावाच्या बाई क्लास घेतात, त्यावर माणसांचे चेहरे काढायला आणि रंगवायला शिकवतात. मी जूनपासून जातो. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "काका, नातीला सोडायला आलात?" मी म्हटलं, "नाही, मीच आलोय." "शुं शीखवुं छे?" काय शिकायचंय? म्हटलं, "एक चेहरा." "एकज?" "एकच." त्या हसल्या. "एक न आवडे, काका. आवडे तो बधां आवडे." म्हणजे एकच असा येत नाही, आले तर सगळेच येतात.

तुला हसू आलं असेल. सातवीत शाळा सोडलेला, प्रतापनगरच्या वर्कशॉपमध्ये सदतीस वर्षं वॅगनवर नंबर टाकलेला माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी चेहरे काढायला बसलाय. इथेही सगळे हसतात. हसोत. मी जाणं सोडणार नाही.

तुझ्याकडे त्या काळातला तुझा एखादा फोटो असेल तर पाठव. आमच्याकडे एकही नाही.

दामोदर

ता.क. स्पीड पोस्टने पाठवतोय. पत्रपेटीवर माझा आता भरवसा नाही.


बडोदे, ता. २८ सप्टेंबर २०२५

शालिनी,

पत्र पोचलं. इंद्रनीलने फोनवर बघून सांगितलं, सही झालीय म्हणून. मी म्हटलं, कोणाची? तो म्हणाला, "बाबा, ते दिसत नाही." मग त्या फोनचा उपयोग काय.

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नाही. रोज अकराला दारात उभा राहतो ते हवेला.

नवरात्र चालू आहे. क्लासमधली मुलं गरबा खेळून डुलक्या काढत येतात, त्यामुळे सध्या वर्गात जागा असा मी एकटाच. कुठवर आलो ते सांगतो, तुला ऐकायचं असो नसो.

पहिला महिना मी नुसती कड काढत होतो. वॅगनवर तसंच असायचं. पत्र्याची स्टेन्सिल घट्ट धरायची, कड पक्की झाली की आत पांढरा भरायचा, की पुढची वॅगन. माझे चेहरे तसेच झाले. बाहेर कड, आत एक रंग. शेजारी बसणारी रसिका म्हणाली, "काका, याला चाकं लावा, निघेल." सगळा वर्ग हसला. कोमलबेन म्हणाल्या, "मोढामां लाइन होय ज नहीं, काका." चेहऱ्यात रेघ नसतेच. त्यांनी मला सगळं पुसायला लावलं आणि एक काळा गोळा काढायला सांगितला. आधी काळोख. मग उजेड जिथे पडतो तिथे तिथे थोडं उजळत जायचं. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड. आठवडाभर माझा बटाटाच होत होता. एके दिवशी अचानक बटाट्याला गाल आला. मी एवढ्या मोठ्याने "आला!" म्हणालो की खालचा मशीनवाला वर बघायला आला.

डोळे डोक्याच्या बरोब्बर अर्ध्यावर असतात, तुला माहीत होतं? मी जन्मभर आरशात बघतोय, मला नव्हतं. मी कपाळ बोटभर ठेवून डोळे वर चढवायचो. आणि कातडीचा असा एक रंग नसतोच. डोळ्याखाली निळसर, नाकाला लालसर, हनुवटीला हिरवटसुद्धा. लताच्या हनुवटीकडे बघत बसलो तर ती म्हणाली, "काही लागलंय का?"

अजून एक. चित्र आरशातल्यासारखं उलटं करायचं बटण असतं. उलटं केलं की चुका उघड्या पडतात, कारण डोळा सरावलेला नसतो. तुझा म्हणून काढलेला चेहरा मी उलटा केला, तर समोर माझंच नाक. लताला दाखवलं. ती म्हणाली, "बरंय की. नाक घरातलंच आहे."

चार्जिंग वीस टक्क्यांवर आलं की माझा जीव खालीवर होतो. चित्र जपून ठेवलंय की नाही ते तीन तीनदा बघतो, गॅस बंद केला का बघतो तसं. म्हणजे हे सगळं मजेत चाललंय असं समजू नकोस.

आता खरं सांगायचं ते. परवा कोमलबेन म्हणाल्या, मूळ फोटो आणा. मी काच-चौकटीसकट नेला. त्यांनी काच काढली, भोकावरून बोट फिरवलं. विचारलं, हे कशाने? मी म्हटलं, वाळवी. त्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, ऊधई आटलुं गोळ खाय?" वाळवी इतकं गोल खाते?

मुलं खो खो हसली. मला असा राग आला की फोटो बगलेत मारून चपला न घालता जिना उतरलो. अर्ध्या रस्त्यातून चपलांसाठी परत गेलो.

वाळवी नव्हती. ते कापलं गेलं होतं. आप्पांनी सांगितलं होतं.

दामोदर


बडोदे, ता. २४ ऑक्टोबर २०२५

शालिनी,

काल भाऊबीज होती. काल मुद्दाम लिहिलं नाही. त्या दिवशी पत्र टाकून तुझ्याकडून काही वसूल करायचं नव्हतं.

मागच्या पत्रात 'कापलं गेलं' असं लिहिलं. पोस्टात दिल्यापासून झोप नाही. असं आपोआप काही कापलं जात नाही. मी कापलं.

तू आनंद मॅकवानशी लग्न करून गेलीस त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी. आप्पांनी भिंतीवरून फोटो काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तुझ्याकडे ते पातं आहे ना." स्टेन्सिल कापायचं. तुला पूर्ण काढून टाक म्हणाले. पण तू आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी होतीस. तुझा हात काढायचा तर आईचा खांदा जात होता. मी तसं म्हटलं. आप्पा म्हणाले, "मग तोंड तेवढं." तेवढं कापलं. कड कुठे फाटली नाही. माझ्या हाताला किती सफाई आहे असं तेव्हा मनात आलं, ते लिहायला लाज वाटते. मी पात्याकडे बघत होतो. तुझ्याकडे मी बघितलंच नाही. म्हणून आज बाविसाव्या वर्षीचा तुझा चेहरा मला काही केल्या येत नाही. तुझे बाकीचे फोटो मी दुसऱ्या दिवशी बंबात घातले. मागून काळा कागद लावला आणि वाळवीची गोष्ट मीच तयार केली. आप्पांना एवढं सुचलं नसतं.

आई त्या वेळी आत भाकऱ्या थापत होती. बाहेर आली नाही. पुढे ती बैठकीत त्या भिंतीला पाठ करून बसायची.

लता म्हणते, माझंही लिहा. मी कापत होतो तेव्हा ती दारात आली होती. तिने दार लोटून घेतलं, इंद्रनीलला दिसू नये म्हणून. "दार लोटणारी मीच," असं ती म्हणते. इंद्रनीलच्या बारशाला त्याच्या कानात नाव तूच सांगितलं होतंस, त्याचीही तिने आठवण करून दिली. मला आठवण करून द्यावी लागली.

तुझी ८५ साली दोन पत्रं आली होती. त्यावर 'घेण्यास नकार' लिहिलेलं अक्षर माझं. तू ओळखलंच असशील, वॅगनवरचं अक्षर लपत नाही. आई गेली तेव्हा आप्पा जाऊन चार वर्षं झाली होती. तुला कळवायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं नाही. मी ठरवलं. रेल्वेचा पास खिशात होता आणि नडियाद पाऊण तासावर होतं.

तुझा पत्ता आनंदच्या प्रार्थनासभेच्या जाहिरातीतून मिळाला. गुजराती पेपरातली, दोन वर्षांपूर्वीची. कापून ठेवली होती. कात्रीने, हे आता लिहितानाही बरं वाटत नाही. म्हणजे आनंद गेला ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी आलो नाही. त्या दिवशी गुडघा दुखत होता, पण गुडघा रोजच दुखतो.

आता नंदूचं. परवा फराळाला आला होता. मी त्याला टॅबलेट दाखवला, म्हटलं, शालूचा चेहरा पुस्तिकेला मी तयार करतोय. चकली हातातच राहिली त्याची.

"दादा, तू वॅगनवर नंबर टाकणारा माणूस. तुला चेहरे कुठे येतात?"

"शिकतोय."

"कशाला उगाच? मी स्टुडिओत बोललोय. आता कॉम्प्युटरवर अख्खा माणूस पुसता येतो. हातबीत सगळं. दोन मिनिटांचं काम. भोकही नाही आणि प्रश्नही नाही."

"कसला प्रश्न?"

"लोक विचारतील ना, ही कोण. माझे व्याही येणार आहेत. शंभर माणसांत काय सांगू, त्या ख्रिस्ती लोकांत गेली म्हणून?"

लता आतून म्हणाली, "सांगा ना, बहीण आहे म्हणून. तोंड दुखतं का?"

नंदू म्हणाला, "वहिनी, तुम्ही लाडू छान केलेत." आणि उठला.

ऐकलंस? एकेचाळीस वर्षांपूर्वी माझ्याकडून जे राहिलं ते तो आता पूर्ण करणार. तुझा हात आईच्या खांद्यावरून काढणार. होऊ देणार नाही. तू मला माफ कर न कर, उत्तर दे न दे, तुझा चेहरा मी काढणार आणि त्या पुस्तिकेत घालणार. नंदूलाही सांगितलं, तुलाही सांगतो.

प्रश्न एवढाच होता की कुठला चेहरा. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, तेही आज लिहून टाकतो म्हणजे लपवायला काही उरणार नाही. २००३ साली थंडीत तू खंडेराव मार्केटमध्ये वालपापडी घेत होतीस. आनंद पिशवी धरून उभा होता. तू एकेक शेंग वाकवून बघत होतीस. भाजीवाल्याशी गुजरातीत भांडलीस आणि वळताना मराठीत पुटपुटलीस, "लुटतात मेले." मी तीन हातांवर होतो, लिंबांच्या ढिगामागे, खांबाआड. पंधरा मिनिटं. आयुष्यात कोणाच्या चेहऱ्याकडे मी इतका वेळ बघितलेलं नाही. तू गेल्यावर लिंबूवाला म्हणाला, "काका, लिंबू लेवा छे के थांभलो?" लिंबं घ्यायचीत की खांब.

तो चेहरा मला येतो.

दामोदर


बडोदे, ता. १२ नोव्हेंबर २०२५

शालिनी,

झाला.

अठरा दिवस लागले. तीनदा अख्खा पुसला. एकदा मी तो इतका मोठा करून बसलो की अख्ख्या दुपारी एका पापणीचे केस काढले, आणि लहान करून बघितला तर पापणी झाडूएवढी. कोमलबेन म्हणाल्या, "काका, दूरथी जुओ." लांबून बघा. लांबून बघायचं म्हणजे मला खांबाआड जावंसं वाटतं. पण बघितलं.

मूळ फोटोचा फोटो घेतला, त्यावर वेगळ्या थरावर तुझा चेहरा रंगवला. काचेवर काच ठेवावी तसे हे थर असतात. खालच्याला धक्का लागत नाही, याचं मला फार बरं वाटलं. फोटो काळा-पांढरा आहे म्हणून शेवटी रंग काढून टाकले, पण आधी रंगात केला. त्याशिवाय गाल मेल्यासारखा दिसतो.

आता वेडेपणा असा झालाय की खांदे बावीस वर्षांच्या मुलीचे आणि चेहरा एकेचाळीस वर्षांच्या बाईचा. चष्मा आहे. कानापाशी चार केस पांढरे आहेत. तू वहिनीपेक्षा मोठी दिसतेस. लताने बघितलं आणि म्हणाली, "अहो, ही शालू नाही, शालूची सासू आहे." मग तिने टॅबलेट हातात घेतला, पदराने काच पुसली, बराच वेळ बघितलं. म्हणाली, "नाही हो. शालूच. फक्त डाव्या भुवईत खाच राहिली. नंदूचा भोवरा लागला होता ती." मला ती आठवतच नव्हती. मार्केटमध्ये चष्म्यामुळे दिसली नसेल. घातली. आणि शालू, खाच घातली तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. त्या आधी तू शेंगांकडे बघत होतीस.

इंद्रनील म्हणतो, "बाबा, वय कमी करा. एक सेटिंग आहे, मिनिटात होतं." मी म्हटलं, हात लावशील तर खबरदार. तरुण चेहरा मी गमावलाय. जो बघितला तो घातलाय.

रविवारी नंदू आला, छापायच्या पानाचा नमुना घेऊन. त्याच्या फोटोत तू नाहीस. कुठेच नाहीस. इतकं गुळगुळीत केलंय की मलाही क्षणभर वाटलं, आपण कायम सहाच जण होतो. आईच्या खांद्यावर तुझा हात होता तिथे कॉम्प्युटरने पदर काढलाय, बुट्ट्यांचा. आईकडे बुट्ट्यांचं लुगडं कधी नव्हतंच.

मी म्हटलं, "नंदू, हे खोटं आहे."

"आणि तुझं खरं? एवढी म्हातारी बहीण होती आपल्याला ८४ साली?"

"मी भोक पाडलं. भोक आहे म्हणून कळतं तरी की कोणीतरी होतं. तू तर आईला दुसरं लुगडं नेसवलंस."

मी माझं चित्र त्याच्या हातात दिलं. तो चिडून काही बोलणार होता, पण बघता बघता थांबला. त्याने अंगठा भुवईवर टेकवला, आणि अंगठ्याने चित्र एकदम मोठं झालं तसा दचकला.

"ही खाच..."

"तुझ्या भोवऱ्याची."

"मी मुद्दाम नव्हता मारला."

"माहितेय."

थोडा वेळ त्याचं तोंड लहानपणच्यासारखं झालं. मग त्याने टॅबलेट पालथा ठेवला. म्हणाला, "दादा, पुस्तिका छापायला गेली. तुझं चित्र येणार नाही. आणि हे घेऊन हॉलवर येणार असशील तर येऊ नकोस."

मी म्हटलं, "येणार. मोठा मुलगा मी आहे. आप्पांना पहिला हार मीच घालणार. आणि हे मोठं छापून दारात घेऊन उभा राहणार. चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला ढकलायचं असेल तर तुझ्या व्याह्यांसमोर ढकल."

गेला. जाताना चपला उलट्या घालून गेला.

रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही ते आठवत नाही. दुसरी घ्यावी का? लता नको म्हणते.

दामोदर


बडोदे, ता. २७ नोव्हेंबर २०२५

शालू,

हे शेवटचं. याच्यापुढे लिहिलं तर तुझ्यामागे लागल्यासारखं होईल.

मोठं छापून आणलं. दोन हात रुंद, चौकटीत बसवून. आणायला कोमलबेन बरोबर होत्या, रिक्षातून आम्ही ते मांडीवर धरून दांडिया बाजारातून आलो. तिथे वाहनं अडली. ओळखीचे दोघे-तिघे थांबून बघायला लागले. एकाने विचारलं, "दामूकाका, या कोण?" मी म्हटलं, "माझी बहीण. नडियादला असते." किती सोपं होतं. जीभ झडली नाही की काही नाही. कोमलबेनना मी सगळं सांगितलं. डिसेंबरच्या १४ ला दारात उभा राहणार, नंदूला काय सुनावलं, सगळं. मला वाटलं शाबास म्हणतील.

त्या म्हणाल्या, "बेनने पूछ्युं छे?"

बहिणीला विचारलंत?

मी म्हटलं, चार पत्रं पाठवलीत. त्या म्हणाल्या, पत्रं पाठवलीत ते बरोबर. विचारलंत का, की तुझा चेहरा शंभर माणसांपुढे नेऊ का?

रिक्षा उभीच होती. मी घरी येऊन चारही पत्रं मनात उलटी-सुलटी केली. सांगितलंय मी पुष्कळ. करणार, घालणार, होऊ देणार नाही. विचारलेलं कुठेच नाही. तेव्हा तुला न विचारता काढला आणि आता तुला न विचारता लावायला निघालो. त्या वेळी आप्पांचं ऐकून, आता नंदूवरच्या रागाने. तुझं मत दोन्ही वेळा घेतलेलं नाही. कदाचित तुला आमच्यात उभंच राहायचं नसेल. कदाचित आईच्या खांद्यावरचा हात तुला स्वतःलाच काढून घ्यावासा वाटत असेल, आणि नंदूचा फोटो बघून तू म्हणशील, बरं झालं, सुटले. मला हे सुचलं नाही. मी आपला लढाईवर निघालेला.

तर आता विचारतो.

माझ्याकडे दोन चौकटी तयार आहेत. एक तुझ्या चेहऱ्याची. दुसरी मूळ फोटोची, मागचा काळा कागद काढून टाकलेली, भोक आरपार. १४ तारखेला सकाळी दहाला मी हॉलच्या दारात उभा राहणार, हे ठरलंय. ते नंदू बदलू शकत नाही आणि, राग मानू नकोस, तूही बदलू शकत नाहीस, कारण ते माझं आहे. लता शेजारी उभी राहणार आहे. इंद्रनील म्हणतो, "बाबा, मी गाडी लावून येतो." म्हणजे तो जरा उशिरा येईल, पण येईल.

तू 'हो' म्हणालीस तर पहिली नेईन. कोणी विचारलं तर सांगेन, ही शालिनी मॅकवान, माझी बहीण, नवऱ्याचं नाव आनंद.

तू 'नाही' म्हणालीस तर टॅबलेटवरचं चित्र पुसून टाकीन, छापलेलं तुझ्याकडे पाठवीन, तू ठेव नाहीतर जाळ. आणि दुसरी चौकट घेऊन उभा राहीन. कोणी विचारलं तर सांगेन की वाळवी नव्हती, मी कापलं. तेही शंभर माणसांत, नंदूच्या व्याह्यांसकट. भोक माझं आहे, ते दाखवायला मला कोणाची परवानगी नको. चेहरा तुझा आहे.

आणि तू स्वतः आलीस तर चौकट कशाला, दोन्ही घरी ठेवून येईन. पण ये असं म्हणत नाही. लता म्हणते, म्हणा. मी म्हणत नाही. माझी तेवढी लायकी झाली की म्हणीन.

चित्राची लहान प्रत आत घातली आहे, पुठ्ठ्यात, मोडू नये म्हणून. नाक माझ्यासारखं झालंय का ते बघ. कोमलबेन नाही म्हणतात, पण त्या शिकवणाऱ्या, त्या धीरच देणार. बरोबर पाकीट आहे, तिकीट लावून, आमचा पत्ता मी मोठ्या अक्षरात टाकलाय. लांब लिहायची गरज नाही. हो किंवा नाही. खाली नाव नको, अक्षर मी ओळखीन. नाही ओळखलं तर लता ओळखेल.

दहा तारखेपर्यंत हवं. नडियादहून बडोदे एका दिवसात पोचावं, पण टपालाचं आता कोण सांगतं, मध्ये रविवार येतो, पोस्टमनही नवीन आहे, तो शेजाऱ्यांकडे टाकून जातो. म्हणून आजच टाक. हे वाचून झालं की चहा ठेवायला उठशील, तर चहा नंतर ठेव. आधी एवढं लिहून कोणाच्या तरी हाती पेटीत पाठव. मी वाट बघतोय.

दादा